कोयनेचे गणित कोणी सोडवायचे?

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरचा परिसर भूकंपाने हादरला. घरे कोसळली, माणसे दगावली आणि १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या भिंतीला वरच्या भागात, तिचा उतार जिथे एकदम बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. धरण टिकले, पण दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित आहे हा समज काही टिकला नाही. धरणातच बसवलेल्या उपकरणाने त्या पहाटेच्या हादऱ्यांची नोंद केली होती, आणि आराखड्यात गृहीत धरलेल्या भूकंपी भारापेक्षा ते हादरे कितीतरी पटींनी मोठे निघाले. देशात रुरकी विद्यापीठाने या भूकंपाचा अभ्यास केला. तिकडे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रबर्ती यांनी १९७३ साली भेगा नेमक्या त्याच ठिकाणी का पडल्या याचे गणित मांडले. जुनी पद्धत भिंतीला ताठ ठोकळा मानायची आणि तिच्यावर एक ठरावीक आडवा भार लावून हिशेब करायची. प्रत्यक्षात हादऱ्याबरोबर भिंत स्वतःही डोलते, आणि डोलताना तिच्या मानेजवळचे काँक्रीट ताणले जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र त्याला फारसा सोसवत नाही. आज काँक्रीट कसे तडकते हे सांगणारी नवी संगणकीय पद्धत कुठेही तयार झाली, की ती कोयनेच्या भेगा बरोबर दाखवते का, हे तपासण्याचा प्रघात आहे. सातारा जिल्ह्यातला एक प्रश्न जगाच्या शास्त्राची कसोटी बनला.

या पुस्तकाचा विषय या उदाहरणात पुरता सामावला आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कर्तबगारीविषयी आपण बोलतो तेव्हा नकळत दोन वेगळ्या वह्या उघडतो. एकीत संशोधन: शोधनिबंध, पेटंटे, पारितोषिके, नवे पदार्थ, नवी यंत्रे. दुसरीत समाजकार्य: दत्तक गाव, रक्तदान शिबिर, सौरदिव्यांचे वाटप, पूरग्रस्तांना मदत. पहिली वही मानाची आणि दुसरी पुण्याची, अशी विभागणी आपल्या अंगवळणी पडली आहे. प्राध्यापकांच्या बढतीचे निकष, महाविद्यालयांच्या क्रमवारीचे तक्ते आणि वार्षिक अहवालांची प्रकरणेसुद्धा याच विभागणीवर उभी आहेत. माझे म्हणणे असे, की ही विभागणी मुळातच चुकीची आहे. जी महाविद्यालये खरोखर मोठी झाली त्यांच्याकडे बाहेरचा अवघड प्रश्न आत येण्याची वाट होती, त्याच्याशी वर्षानुवर्षे झुंजण्याची मुभा होती आणि मिळालेले उत्तर बाहेर सोडण्याची रीत होती. या तीन गोष्टी जुळल्या, की संशोधनाची उंची आणि समाजाला झालेला लाभ एकाच कामातून निपजतात. त्यांतली एक जरी तुटली तरी निबंधांचा ढीग साचतो किंवा शिबिरांचे फोटो उरतात. नवख्या वाचकाला या क्षेत्राचा नकाशा हाती देताना मी हे विधान इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहणार आहे.

अभियांत्रिकी शिक्षणाचा पहिला घराणेदार प्रवाह राज्यसंस्थेच्या गरजेतून निघाला. फ्रान्समध्ये रस्ते आणि पूल बांधणाऱ्या सरकारी अभियंत्यांसाठी १७४७ साली पॅरिसला शाळा निघाली आणि क्रांतीनंतर १७९४ मध्ये एकोल पॉलितेक्निक उभे राहिले. आधी गणित पक्के, मग बांधकाम, ही त्या परंपरेची शिस्त; पदार्थांच्या बलाचा आणि प्रवाहांचा शास्त्रशुद्ध अभ्यास तिच्यातून वाढला. दुसरा प्रवाह जर्मन तंत्रविद्यालयांचा. तिथे कारखाना आणि वर्ग यांच्यात सतत ये-जा होती. म्युनिकच्या तंत्रविद्यालयात कार्ल लिंडे उष्णतेचे शास्त्र शिकवत आणि शीतयंत्रांवर संशोधन करत. बाष्पयंत्र इंधनातल्या उष्णतेचा किती अल्प भाग कामाला लावते, हे त्यांच्या वर्गात ऐकलेल्या रुडॉल्फ डिझेल या विद्यार्थ्याने पुढची बरीच वर्षे त्याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला, आणि त्यातून डिझेल इंजिन जन्माला आले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली. त्यानंतर महाराष्ट्रातल्या विहिरींवर जी इंजिने धडधडू लागली, त्यांचा मूळपुरुष असा एका व्याख्यानाच्या बाकावर बसलेला होता. प्रश्न उद्योगाचा, अभ्यास मूलभूत शास्त्राचा आणि फळ जगाच्या पाठीवरच्या कोणत्याही शेतात, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

तिसरा प्रवाह अमेरिकेतला. १८६२च्या मॉरिल कायद्याने संघराज्याने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यांत्रिकी कला शिकवणारी महाविद्यालये काढावीत असे ठरवले. या जमिनींपैकी पुष्कळ जमीन मूळ रहिवाशांकडून हिरावून घेतलेली होती, हे त्या इतिहासाचे काळे पान आहे आणि ते वगळून चालणार नाही. तरीही शिक्षणाच्या दृष्टीने त्या कायद्याने एक नवे बंधन घातले: महाविद्यालय लोकांच्या पैशावर चालते, तेव्हा लोकांचे प्रश्न त्याने अंगावर घेतले पाहिजेत. इलिनॉय विद्यापीठाने १९०३ मध्ये अभियांत्रिकी प्रयोग केंद्र काढले. तिथे आर्थर टॅलबट यांनी प्रबलित काँक्रीटच्या तुळया प्रत्यक्ष मोडेपर्यंत तपासल्या आणि रेल्वेच्या रुळांवर गाडीच्या वजनाने येणारे ताण मोजले. काम वरवर रुक्ष होते, पण नव्या पुलांचा आणि इमारतींचा भरवसा अशाच मोजमापांवर उभा राहिला. याच विद्यापीठात १९५१ साली जॉन बार्डीन विद्युत अभियांत्रिकी आणि भौतिकी अशा दोन्ही विभागांचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९५७ मध्ये लिऑन कूपर व रॉबर्ट श्रीफर यांच्यासह त्यांनी अतिवाहकतेचा सिद्धांत मांडला. श्रीफर तेव्हा पदवीसाठी संशोधन करणारे विद्यार्थी होते. रुळांचे ताण मोजणारी आणि अतिवाहकतेचे कोडे सोडवणारी संस्था एकच होती, ही गोष्ट आपल्याकडच्या वादात सहसा कोणी लक्षात घेत नाही. बर्कलीत १९७०च्या दशकाच्या आरंभी विद्युत मंडलांचे गणित सोडवणारी स्पाइस ही आज्ञावली तयार झाली. ती तिथे विद्यार्थ्यांच्या वर्गात रुळली आणि तिच्यामागचे प्राध्यापक डोनाल्ड पीडरसन यांनी ती सर्वांना खुली ठेवण्याचा आग्रह धरला. शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांबरोबर ती कारखान्याकारखान्यांत पोचली आणि सूक्ष्म मंडलांच्या आरेखनाची भाषाच होऊन बसली. उत्तर बाहेर सोडण्याची रीत म्हणतात ती ही.

भारतात अभियांत्रिकी महाविद्यालये आली ती पहिल्या, म्हणजे राज्यसंस्थेच्या प्रवाहातून, आणि तीही वसाहतीच्या मापाने बेतलेली. गंगा कालव्याच्या कामासाठी १८४७ साली रुरकीचे महाविद्यालय निघाले. १८५४ मध्ये पुण्यात सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरवण्यासाठी अभियांत्रिकीचा वर्ग आणि यांत्रिकी शाळा सुरू झाली. तिचेच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आपले सीओईपी झाले. या शिक्षणाने माणसे तयार केली यात शंका नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यात शिकून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात गेले. खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे हा त्या काळच्या भारतीय अभियांत्रिकीचा मानबिंदू आहे. तलाव भरून पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले, की पाण्याच्याच जोराने तोल बदलून दरवाजे उघडत आणि पातळी उतरली की आपोआप मिटत. भिंतीची उंची न वाढवता धरणात जास्त पाणी साठू लागले. १९०३च्या सुमारास बसवलेली ही रचना पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूर संस्थानातल्या कृष्णराजसागरावरही गेली. पण हा शोध महाविद्यालयात लागला नाही, खात्यात लागला. महाविद्यालयाकडून सरकारला हात हवे होते. प्रश्न विचारणारे डोके नको होते. १९१६ मध्ये मुंबई सरकारने जलसंशोधनासाठी जे केंद्र उभारले आणि जे पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणून नावारूपाला आले, तेही महाविद्यालयाच्या बाहेरच राहिले. शिकवणे एका आवारात आणि शोधणे दुसऱ्या, ही भिंत तेव्हा बांधली गेली.

ही भिंत ओलांडण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रयोग मुंबईत झाला. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग काढला. माटुंग्याचा हा विभाग यूडीसीटी या नावाने देशभर ओळखला गेला आणि आज तो रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयसीटी आहे. इथला दुवा जर्मन प्रवाहाशी जुळतो: भोवती कापडगिरण्या, रंगांचे आणि औषधांचे कारखाने, आणि त्यांच्या अडचणी घेऊन येणारी माणसे. मनमोहन शर्मा १९६४ साली केंब्रिजहून परतून वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी इथे प्राध्यापक झाले. त्यांच्या कामातला एकच धागा उलगडून पाहू. टाकीतल्या द्रवात वायूचे असंख्य बुडबुडे सोडले, की वायू किती वेगाने विरघळेल हे त्या बुडबुड्यांच्या एकूण पृष्ठभागावर ठरते. तो पृष्ठभाग पट्टीने मोजायची सोय नाही. मग जिचा वेग आधीच नेमका ठाऊक आहे अशी रासायनिक क्रिया त्या टाकीत घडवून आणायची, ठरावीक वेळात किती वायू शोषला गेला हे मोजायचे आणि उलट हिशेबाने पृष्ठभाग काढायचा. युक्ती साधी दिसते, पण खत कारखान्यातला कार्बन डायॉक्साइड काढून टाकण्यापासून औषधांच्या संश्लेषणापर्यंत कुठल्याही मोठ्या टाकीचे माप ठरवायला ती उपयोगी पडते. शर्मा १९९० साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.  कारखान्यांना सल्ला देणे आणि जागतिक दर्जाचे शास्त्र करणे ही दोन कामे त्यांनी एकाच टेबलावर केली. याच संस्थेतून केकी घरडांसारखे उद्योजक आणि रघुनाथ माशेलकरांसारखे संशोधक निघाले, तो योगायोग म्हणता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर मात्र देशाने मुख्य रस्ता दुसरा निवडला. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांची साखळी उभी राहिली; १९५० साली पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. अणुऊर्जा, संरक्षण आणि अवकाश यांच्याही स्वतंत्र संस्था झाल्या. संशोधन विद्यापीठांपासून असे तोडले तर विद्यापीठे सुकतील, असा इशारा मेघनाद साहा यांनी त्याच काळात दिला होता. राष्ट्रबांधणीची घाई पाहता तो निर्णय समजण्याजोगा आहे आणि त्या प्रयोगशाळांचे काम मोलाचे आहे. किंमत मात्र महाविद्यालयांनी मोजली. १९५१ मध्ये खरगपूर, १९५८ मध्ये सोव्हिएत मदतीने मुंबईतली पवई आणि पाठोपाठ इतर आयआयटी उभ्या राहिल्या, तरी पहिली काही दशके त्यांच्या उत्तम पदवीधरांची ओढ परदेशाकडेच राहिली. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यांतही महाविद्यालये निघाली. शेतकऱ्याच्या, कारकुनाच्या घरातली पहिली पिढी अभियंता झाली. हा सामाजिक बदल फार मोठा होता आणि त्याला कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. पण प्रवेश, परीक्षा आणि नोकरी या तीन खांबांवर उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेत प्रश्न आत येण्याची वाट कोणी आखलीच नाही.

ती वाट आखण्याचा प्रयत्न म्हणजे या नकाशातला चौथा, सर्वांत तरुण प्रवाह. आयआयटी मुंबईत १९८५ साली ग्रामीण भागासाठी तंत्रपर्यायांचे केंद्र, सितारा, सुरू झाले. त्या दशकात देशभर सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रमही चालू होता. प्रयोगशाळेत कमी लाकडात जास्त उष्णता देणाऱ्या चुली घराघरांत बसल्या आणि त्यांतल्या पुष्कळ काही काळाने अडगळीत गेल्या. भांड्याचा आकार, लाकडाची लांबी, भाकरी भाजण्याची पद्धत, दुरुस्तीला गवंडी मिळणे, यांतले काहीही जुळले नाही तर कार्यक्षमतेचा आकडा कागदावरच राहतो. हे अपयश पचवूनच पुढचे काम सुधारले. सिताराच्या मंडळींनी कर्जत तालुक्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या योजना अभ्यासल्या, तेव्हा नळ कोरडा का, या प्रश्नाला जलवाहिनीच्या व्यासाइतकीच वीजबिलाची थकबाकी, गावांची उंची आणि नियोजनाची कागदपत्रे जबाबदार असल्याचे दिसले. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी पाण्याचा ताळेबंद बांधला. पाऊस किती पडला, त्यातला किती वाहून गेला, मातीने किती धरला, पिकाने किती उचलला आणि भूजलात किती मुरला, हा हिशेब मातीची खोली आणि जमिनीचा उतार पाहून मांडायचा. म्हणजे शेततळे कुठे हवे आणि बांधबंदिस्ती कुठे पुरेशी आहे हे ठरवता येते. मराठवाडा आणि विदर्भातल्या हजारो गावांच्या नियोजनासाठी केलेले हे काम उत्तम जलशास्त्रही आहे आणि उत्तम समाजकारणही. त्याला दोन वह्यांपैकी एकीत ढकलायचे तर निम्मे काम दिसेनासे होते.

पवईच्याच आवारात, अगदी वेगळ्या विभागात, हीच गोष्ट पुन्हा दिसते. काही रक्तकर्करोगांवर रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, कर्करोगी पेशी ओळखणारा ग्राहक तयार करण्याची जनुकीय सूचना त्यांत घालायची, त्या वाढवायच्या आणि रुग्णाला परत द्यायच्या, ही कार-टी उपचारपद्धती परदेशात सिद्ध झाली होती. खर्च मात्र कोट्यवधी रुपयांचा. राहुल पुरवार यांचा आयआयटी मुंबईतला गट आणि टाटा स्मारक केंद्राचे डॉक्टर यांनी ती इथे, इथल्या रुग्णांसाठी घडवली. २०२१च्या जूनमध्ये टाटा केंद्रात पहिल्या रुग्णाला ती देण्यात आली, ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ या नावाने तिला औषध नियामकांची परवानगी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिचे औपचारिक लोकार्पण झाले. परदेशातल्या किमतीच्या साधारण दशांशात ती मिळू लागली. ही रक्कमही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे, त्यामुळे काम संपले असे कोणी समजू नये. पण स्वस्त करणे म्हणजे दुसऱ्याची नक्कल करणे, हा समज या कामाने खोडून काढला. पेशीत जनुक पोचवणाऱ्या विषाणूवाहकापासून पेशी वाढवण्याच्या प्रक्रियेपर्यंत प्रत्येक टप्पा पुन्हा विचारात घ्यावा लागला, आणि खर्चाची मर्यादा हीच शास्त्रीय आव्हान ठरली.

विद्यार्थ्यांच्या सामूहिक कर्तबगारीकडे या चर्चेत नेहमी थोडे कौतुकाने आणि बरेच दुर्लक्षाने पाहिले जाते. पुण्याच्या सीओईपीचा स्वयम् हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीच्या सी-३४ उड्डाणातून अवकाशात गेला. वजन सुमारे एक किलो. अवकाशात दिशा धरण्यासाठी त्यात ना इंधन, ना फिरती चाके: एक कायमचुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी उपग्रहाला जुळवून घेतो आणि खास मिश्रधातूच्या कांड्या त्याचे डोलणे हळूहळू शमवतात. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा सुमारे दहा किलोचा प्रथम हा उपग्रह वरच्या वातावरणातल्या इलेक्ट्रॉनांची मोजणी करण्यासाठी गेला. त्याचे संदेश झेलण्यासाठी इतर महाविद्यालयांतही भूकेंद्रे उभारण्याची योजना त्याच्या जोडीला होती. दोन्ही उपग्रह विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने बनवले नाहीत. पदवी चार वर्षांची, काम त्याहून लांब; म्हणून प्रत्येक तुकडीला आपले अर्धे काम, आपल्या चुका आणि आपली टिपणे पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी लागली. अर्धवट काम नीट दुसऱ्याकडे सोपवणे ही अभियंत्याला आयुष्यभर लागणारी विद्या, आणि ती शिकवणारा पेपर कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. आयआयटी मुंबईच्याच कण्णन मौद्गल्य यांनी चालवलेला स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम मुक्त संगणकप्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांत शिकवतो. संशोधनाचे फळ ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेत पोचवणे, हेही उत्तर बाहेर सोडण्याच्याच रीतीत मोडते.

या मांडणीवर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला: महाविद्यालयाचे काम शिकवणे, संशोधनाची आणि गावाची ओझी त्याच्यावर लादली तर शिकवणेच ढासळेल. अपुऱ्या प्राध्यापकांवर चालणाऱ्या महाविद्यालयाच्या बाबतीत ही भीती खरी आहे. पण त्यावरचा उपाय जागा भरणे हा आहे. प्रश्नाशी संबंध न आलेले शिक्षण स्वस्त पडते, चांगले पडत नाही. लिंडे यांचा वर्ग काय आणि माटुंग्याची प्रयोगशाळा काय, तिथले शिकवणे संशोधनामुळेच सकस झाले. दुसरा आक्षेप असा, की स्थानिक आणि उपयोगी प्रश्न छोटे असतात, मोठे शास्त्र केवळ कुतूहलातून येते. बार्डीन यांची अतिवाहकता कोणत्याही गावाच्या मागणीतून आली नव्हती, हे निखालस खरे. म्हणून प्रत्येक संशोधकाला उपयोगाचा दाखला मागणे घातक आहे, आणि हे पुस्तक तसे मागत नाही. पण स्थानिक म्हणजे क्षुल्लक हे समीकरण कोयनेनेच मोडले. प्रश्नाचा आकार त्याच्या पत्त्यावर ठरत नाही. तो किती खोलवर नेला यावर ठरतो. माटुंग्यात बुडबुड्यांच्या वाहण्याचा सखोल अभ्यास करणारे आणि मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद भूषवलेले ज्येष्ठराज जोशी पुढे स्वयंपाकाच्या भांड्यातल्या उष्णतेच्या हिशेबाकडे वळले, तेव्हा त्यांना शास्त्र बदलावे लागले नाही. तिसरा आक्षेप: पाणी, रस्ते, आरोग्य ही सरकारची कामे, आणि वस्तू बनवणे बाजाराचे, महाविद्यालयाने त्यांत का पडावे? कारण सरकारला आपल्याच योजनेचे परखड मोजमाप करणे जड जाते आणि बाजार गरिबाच्या प्रश्नापाशी थांबत नाही. कोणाच्याही दावणीला न बांधलेली, मोजून बोलणारी तिसरी जागा लोकशाहीला लागते. ती जागा होण्याची ऐपत जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या कुठल्या संस्थेत असेल, तर मला ती दिसत नाही.

हा विषय आत्ताच का महत्त्वाचा, याची कारणे डोळ्यांसमोर आहेत. देश आपल्या सकल उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी, जेमतेम ०.६४ टक्का, संशोधनावर खर्च करतो आणि त्यातला उच्च शिक्षणसंस्थांचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत आहे. २०२३च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. राज्यांतल्या विद्यापीठांपर्यंत संशोधनाचा पैसा पोचवणे हा त्याचा जाहीर हेतू आहे. २०२२ मध्ये सीओईपीला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मराठीतून अभियांत्रिकी शिकवायला सुरुवात झाली आहे. दुसरीकडे प्रश्नही दारात उभे आहेत. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूर पुराखाली गेले; वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच सांगलीत आहे. माळीण, तळीये, इर्शाळवाडी या वस्त्या दरडींनी गिळल्या. मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही आणि तिथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गोव्यात फर्मागुढीच्या महाविद्यालयाभोवती पसरलेल्या जांभ्याच्या जमिनीचे, पाण्याचे आणि खाणींचे प्रश्न आहेत. कोड लिहिण्यासारखी ठरीव कामे यंत्रे करू लागली असताना, केवळ ठरीव उत्तरे शिकवणाऱ्या पदवीची किंमत घसरणार हे उघड आहे. आपल्या परिसरातला, आधी कोणी न मांडलेला प्रश्न नीट मांडता येणे, हेच यापुढच्या अभियंत्याचे भांडवल असेल.

प्रस्तुत पुस्तक या पार्श्वभूमीवर वाचायचे आहे. ते महाविद्यालयांच्या यशाची जंत्री नाही आणि संस्थांची क्रमवारी लावण्याचा प्रयत्नही नाही. निरनिराळ्या संस्थांमधली कामे घेऊन प्रत्येक ठिकाणी ते तीनच गोष्टी विचारते: प्रश्न आत कसा आला, त्याला वेळ आणि पैसा कोणी दिला, आणि उत्तर कोणाच्या हाती पडले. त्यामुळे यात प्रयोगशाळेइतकीच जागा कार्यशाळेतल्या तंत्रज्ञाला, खरेदी विभागातल्या अडथळ्यांना, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांना आणि गावातल्या पाणीपुरवठा समितीला मिळाली आहे. फसलेल्या कामांची प्रकरणे वगळलेली नाहीत. चुलींच्या कार्यक्रमासारखे अपयश नीट नोंदले नाही, तर पुढचा गट त्याच खड्ड्यात पडतो. तांत्रिक भाग शक्य तितक्या साध्या मराठीत समजावला आहे, कारण ज्यांच्या करातून ही महाविद्यालये चालतात त्या वाचकाला संशोधन कळू नये हे कोणत्याही युक्तिवादाने पटण्याजोगे नाही. महाराष्ट्रातल्या संस्थांवर भर आहे आणि आयआयटीसारख्या मोठ्या संस्थांवर लिहिलेले साहित्य मुबलक असल्यामुळे त्यांची पाने थोडी जास्त झाली आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयांतले काम बहुधा विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालांत पडून राहते. ते वर काढणे हे पुढच्या अभ्यासकांसाठी ठेवलेले मोठे काम आहे.

विद्यार्थी, प्राध्यापक, पालक आणि लोकप्रतिनिधी या चौघांनी हे पुस्तक वेगवेगळ्या कारणांसाठी वाचावे. विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विकत न आणता जवळच्या नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात जाऊन निवडावा. प्राध्यापकाने सल्लागारीच्या कामातला मूलभूत प्रश्न हेरावा. प्रवेशाच्या वेळी पालकाने पगाराच्या आकड्याबरोबर या महाविद्यालयाने गेल्या पाच वर्षांत कोणता प्रश्न सोडवला, हेही विचारावे. आणि लोकप्रतिनिधीने धरण, पूल, पाणीयोजना यांच्या प्रत्येक कामातला एक छोटा हिस्सा जिल्ह्यातल्या महाविद्यालयाच्या स्वतंत्र मोजमापासाठी राखून ठेवावा. यातली एकही गोष्ट अशक्य नाही, आणि एकीसाठीही नवे आवार बांधावे लागत नाही. लागते ती प्रश्न आत घेण्याची तयारी आणि उत्तर येईपर्यंत दम धरण्याची वृत्ती. ज्या संस्थांनी ती दाखवली त्यांची कामे पुढच्या पानांत आहेत. आपल्या जवळचे महाविद्यालय त्यांच्या पंक्तीला का बसू नये, हा विचार मनात ठेवून ती वाचली जावीत.